चार मिलिमीटरांची करामत

1968 साली आलेली मर्सिडीज 300 एसईएल 6.3 मुळातच एक अचंबा होती. एरिक वॅक्सनबर्गर या अभियंत्याने ‘600’ या अवाढव्य लिमोझिनचं आठ सिलिंडरांचं इंजिन एका शांत, ऐसपैस सेडानमध्ये बसवलं होतं. हवेवर तोललेलं सस्पेन्शन, आत लाकडी सजावट आणि बॉनेटखाली 250 अश्वशक्ती. या गाडीत आणखी वाढवण्यासारखं काही उरलं असेल, असं कुणाच्या मनातही येऊ नये.

ते आलं हान्स वेर्नर ऑफ्रेख्ट आणि एर्हार्ड मेल्शर यांच्या मनात. दोघेही मर्सिडीजचे माजी अभियंते. 1967 मध्ये त्यांनी जर्मनीतल्या बुर्गस्टाल गावात, एका जुन्या गिरणीत ‘एएमजी’ नावाचं छोटंसं वर्कशॉप थाटलं होतं.

त्यांनी या इंजिनाचं जे केलं ते मी कितीदाही वाचलं तरी थक्क होतो. सिलिंडरचा व्यास 103 मिलिमीटर होता, तो त्यांनी 107 केला. पिस्टनचा 95 मिलिमीटरचा स्ट्रोक तसाच ठेवला. म्हणजे चहूबाजूंनी फक्त दोन-दोन मिलिमीटर जागा वाढली. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, आणि इथे सिलिंडर होते आठ! 6.3 लिटरचं इंजिन 6.8 लिटरचं झालं. 500 सीसीच्या बुलेटच्या सिलिंडरात मावते तेवढी जागा या चार मिलिमीटरांतून निघाली.

खरं नवल तर पुढेच आहे. जागा वाढली आठ टक्के. ताकद मात्र 250 वरून 428 अश्वशक्तीवर गेली, म्हणजे तब्बल 71 टक्के वाढली. उरलेली ताकद आली कुठून?

ती आली हवेतून. इंधन जाळायला हवा लागते, आणि इंजिन जितकं भरभर फिरेल तितका सिलिंडर भरायला वेळ कमी मिळतो. मूळ इंजिनाची ताकद मिनिटाला 4,000 फेऱ्यांवर शिगेला पोचायची, मग उतरू लागायची. हवा आत सोडणारा व्हॉल्व्ह किती उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे कॅमशाफ्टच्या उंचवट्यांचा आकार ठरवतो. एएमजीने कॅमशाफ्ट बदलले, ज्वलनकक्ष सुधारले, हवेची वाट मोकळी केली. आता तोच शिखरबिंदू 5,500 फेऱ्यांवर गेला. दर फेऱ्यामागचा जोर साधारण पावपट वाढला आणि फेरे 38 टक्क्यांनी. या दोन वाढींचा गुणाकार करून पाहा, 71 टक्क्यांचा हिशेब चोख लागतो.

पण फेरे वाढवणं सोपं नसतं. 5,500 फेऱ्यांवर प्रत्येक पिस्टन सेकंदाला 183 वेळा पूर्ण थांबतो आणि उलट दिशेने धावत सुटतो. पिस्टनला असं मागेपुढे खेचणाऱ्या कनेक्टिंग रॉडवरचा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे इथे जवळजवळ दुप्पट. त्यातून पिस्टन आता मोठे. म्हणून हे रॉड हलके करून घेतले. या सगळ्या कामातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच: ताकद वाढवायची म्हणून वजन उतरवणं.

जुलै 1971 मध्ये ही लाल सेडान बेल्जियममधल्या स्पा इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरली. दरवाजे ॲल्युमिनियमचे केले होते, आतलं लाकूड मात्र जागच्या जागी. दीड टनाहून जड गाडी टायर आणि पेट्रोल भराभर संपवत होती, पुन्हा पुन्हा पिटमध्ये यावं लागत होतं. तरीही हान्स हायर आणि क्लेमेन्स शिकेनटांझ यांनी ती आपल्या गटात पहिली आणि एकूणात दुसरी आणली. पुढे होती फक्त एक फोर्ड काप्री. लोकांनी हिचं नाव ‘लाल डुकरीण’ ठेवलं.

पुढे मात्रा या फ्रेंच कंपनीला विमानांच्या चाकांची चाचणी घ्यायची होती. त्यासाठी किलोमीटरभरात ताशी 200 चा वेग गाठेल आणि मोजमापाची यंत्रं पोटात वागवेल, असं वाहन हवं होतं. त्यांनी हीच गाडी विकत घेतली, सुमारे मीटरभर लांबवली आणि धावपट्टीवर कामाला लावली.