एसएसडीचा वेग बघा, वीजही बघा

खालापूर तालुक्यातल्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. त्याच तालुक्यात आज पावसाळी वाऱ्यात लाइट गेली की दुकानातला संगणक इन्व्हर्टरवर येतो आणि एकेक वॅट मोलाचा ठरतो. म्हणून एसएसडी घेताना तिचा वेग आणि तिला लागणारी वीज, दोन्ही तपासावे.

खोक्यावर छापलेला वेग सलग वाचनाचा असतो. साटा जोडणीवर सेकंदाला साधारण ५५० एमबी. संगणक सुरू होताना मात्र हजारो बारीक फायली उघडतात. त्यासाठी ‘क्रिस्टलडिस्कमार्क’ या चाचणीच्या सॉफ्टवेअरमधली ‘आरएनडी४के’ ही ओळ आधी बघा. हार्ड डिस्क तिथे १ एमबीच्या आसपास रेंगाळते, एसएसडी २०-३० एमबी सहज गाठते. रोजच्या कामात जाणवतो तो हाच फरक.

चाचणी लांबलचक घ्या. स्वस्त एसएसडी सुरुवातीचा डेटा वेगवान कॅशेमध्ये झपाट्याने लिहिते; कॅशे भरली की वेग कोसळतो. लग्नाचे शूटिंग साठवणाऱ्या फोटोग्राफरला हे नेमके भोवते.

विजेसाठी प्लगमधला वॅटमीटर पुरतो. संगणक नुसता चालू असतानाचा आकडा टिपा, मग मोठी फाइल कॉपी होतानाचा. साटा एसएसडी कामात साधारण २ ते ४ वॅट घेते. डेस्कटॉपची हार्ड डिस्क नुसती फिरायलाही तेवढी खाते. एनव्हीएमई जोडणीची एसएसडी जास्त वॅट ओढते, पण काम लवकर उरकते. तेव्हा क्षणाचे वॅट नव्हे, पूर्ण कामाला लागलेली वीज मोजा.

आधी बॅकअप घ्या, आणि चाचण्या वारंवार करू नका. प्रत्येक लेखनाने एसएसडी थोडी झिजते.