हिंवाळी परसबागेची आंखणी

हिंवाळ्यांत भाजी लावण्यापूर्वीं गृहस्थानें प्रथम परसांतील ऊन पाहावें. डिसेंबरांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. पुण्यास ऐन दुपारींहि ५ फूट उंच भिंतीची सावली उत्तरेस सुमारें ४॥ फूट पडते. उन्हाळ्यांत तापणारी तीच जागा आतां गार राहते. तेथें टोमॅटो लावल्यास झाड नुसतें उंच वाढतें, फळ बेताचेंच धरतें. पालक मात्र थोडी सावली सोसतो.

दुसरी चूक घाईची. सगळी मेथी एकाच दिवशीं पेरली, कीं महिन्याभरानें ती एकदमच काढणीस येते आणि शेजाऱ्यांस वाटावी लागते (तेंहि वाईट नव्हे!), पुढें मात्र वाफा रिकामा. त्यापेक्षां वाफ्याचे चार भाग करून दर आठ दिवसांनीं एकेक पेरावा. कोथिंबिरीसाठीं धने हलकेच रगडून त्यांच्या दोन डाळी कराव्या, मगच पेरावे.