टाके सुकल्यानंतरचे दुखणे

हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाच्या चौकशीला सारे गाव लोटते. परंतु ज्याच्या आतड्यात वा गुदद्वारात जन्मतःच दोष आहे, त्याचे दुखणे सख्ख्या मित्राच्याही कानी जात नाही. सांगणारा संकोचतो आणि ऐकणारा विषय बदलतो.

साधारणतः पाच हजार जन्मांमागे एका अर्भकाचे गुदद्वार नीट घडलेले नसते. जवळपास तेवढ्याच प्रमाणात हिर्शस्प्रुंग विकारही आढळतो. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली बर्लिन येथे त्याचे वर्णन केले. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात आवश्यक त्या चेतापेशीच नसल्याने मल पुढे सरकत नाही. १९४८ साली अमेरिकेत ऑर्व्हर स्वेन्सन यांनी सदोष भाग काढून निरोगी आतडे खाली जोडण्याची शस्त्रक्रिया मांडली. गुदद्वाराच्या दोषांसाठी १९८२ मध्ये डिव्हरीज व पेन्या यांची नवी पद्धत प्रसिद्ध झाली. एके काळी जी अर्भके दगावत, ती आज प्रौढ होऊन संसारात पडली आहेत.

शस्त्रक्रियेने मार्ग मिळतो. त्यावर ताबा मिळेलच असे नाही. काहींना बद्धकोष्ठता जडते, काहींचे कपडे नकळत खराब होतात. मग घराबाहेर पडण्यापूर्वी शौचालय कोठे आहे याचा हिशेब, लांबच्या बसप्रवासाला नकार, लग्नाच्या पंगतीत उपाशी बसणे आणि ‘हे सांगायचे कधी?’ या प्रश्नापायी लांबणीवर पडणारा स्वतःचा विवाह! बालपणी वारंवार झालेल्या तपासण्या व एनिमा यांच्या आठवणीही मनात घर करून राहतात. चिंता आणि खिन्नता यांतून उद्भवली, तर त्यात नवल ते काय? योग्य साहाय्य मिळाल्यास अनेकजण समाधानाने जगतात, हेही तितकेच खरे.

आपल्या घरांतील शुचितेचे संस्कार येथे नकळत क्रूर ठरतात. स्वच्छतेचा नियम कृतीसाठी असतो. तो माणसावर डाग म्हणून लावणे हा धर्म नव्हे.

दुसरी उणीव व्यवस्थेची आहे. मूल मोठे झाले की बालशल्यचिकित्सकाचे दार मिटते, आणि प्रौढांच्या अनेक डॉक्टरांनी असा रुग्ण क्वचितच पाहिलेला असतो. आहार, औषधे व नियमित एनिमा यांच्या शिस्तीने पुष्कळांना दिवसभर स्वच्छ राहता येते. परंतु ते शिकवणारे कोणी तरी हवे, आणि त्यासोबत मनाची विचारपूसही हवी. गोव्याचे वैद्यकीय महाविद्यालय आणि मानसोपचार संस्था दोन्ही बांबोळीतच आहेत. शल्यविभागातून मानसोपचाराकडे जाणारी वाट रुग्णाला एकट्याने शोधावी लागू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने हा उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला आहे. २०२२ पासून ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क सल्लाही मिळतो.

मातापित्यांचे कर्तव्यही मोठे आहे. आपल्यावर नेमकी कोणती शस्त्रक्रिया झाली, हे पुष्कळ प्रौढांना ठाऊकच नसते. प्रेमापोटी घरच्यांनी ते झाकलेले असते. मुलगा वा मुलगी जाणती होताच जुने कागद त्यांच्या हाती द्यावेत आणि सारी हकीकत सरळ शब्दांत सांगावी. ज्या गोष्टीविषयी घरात मोकळेपणाने बोलता आले, तिची लाज बाहेर वाहून नेण्याचे कारण उरत नाही.