‘सी’ ड्राइव्हच्या आधी

आपल्या घरच्या संगणकावर ‘सी’ ड्राइव्ह दिसतो. मग ‘ए’ आणि ‘बी’ गेले कुठे, असे मुलांनी विचारले तर? ती दोन अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली होती. फ्लॉपी इतिहासजमा झाली, अक्षरांचा क्रम मात्र राहिला.

१९९०च्या दशकात डोंबिवलीत संगणकाचे क्लास निघाले, तेव्हा पहिला धडा ‘डॉस’चा असे. डॉस म्हणजे डिस्कवरून चालणारी कार्यप्रणाली. संगणक सुरू झाला की ती डिस्कवरून स्मृतीत उतरे आणि कारभार हाती घेई. कोणती फाइल डिस्कच्या कोणत्या भागात आहे, याची नोंदवही ठेवणे हे तिचे मुख्य काम. फाइलच्या नावाला अक्षरे आठच, पुढे टिंब आणि आणखी तीन. सव्वापाच इंची फ्लॉपीत मावत ३६० किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही त्यात बसणार नाही!

तिचा पूर्वज म्हणजे गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये रचलेली ‘सीपी/एम’. तिच्या धर्तीवर टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये नवी प्रणाली लिहिली. मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमच्या ‘पीसी’बरोबर ती जगभर पोचली.

पण या डॉसला मराठी येत नव्हते. पडद्यावर उमटणारी २५६ चिन्हे यंत्रातच कोरलेली. त्यांत ना काना, ना वेलांटी. जोडाक्षराची तर बातच नको. यावर उपाय निघाला तो आपल्या देशातच. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांच्या पुढाकाराने ‘जिस्ट’ तंत्र घडले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ते पुढे नेले. जिस्टचे कार्ड संगणकात बसवले की डॉसवरच्या इंग्रजी प्रोग्राममध्येही मराठी टाइप करता येई. त्यामागच्या ‘इस्की’ संकेतावलीला १९९१ मध्ये भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. तिच्यात देवनागरी ‘क’ आणि गुजराती ‘क’ यांचा संकेत एकच! आज मोबाइलवर मराठी उमटवणाऱ्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीवरच आधारलेली आहे.

सर्वांनीच मात्र ही शिस्त पाळली नाही. अनेक फाँटवाल्यांनी आपापले खासगी संकेत वापरले. परिणामी तो फाँट नसेल तर त्या काळातला मजकूर आज अगम्य चिन्हांची रांगोळी दिसतो. शिवाय फ्लॉपीवरचा चुंबकीय थरही काळाबरोबर क्षीण होतो.

म्हणून माळ्यावरच्या खोक्यात एखादी फ्लॉपी सापडली, तर ती भंगारात देऊ नका. यूएसबीला जोडता येणारा साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्ह मिळू शकतो. सव्वापाच इंचीसाठी जाणकार गाठावा लागेल. आधी प्रत काढावी, मग मजकूर युनिकोडमध्ये आणावा. आजोबांनी टाइप केलेली वंशावळ किंवा आजीच्या पाककृती त्यात असतील, तर दुसरी प्रत कुठेच नसेल.