गोट्यांची रांग आणि खारपाण पट्ट्यातलं घर

३० सप्टेंबर २०२४. दुपारी दीडनंतर अमरावती जिल्ह्यात, मेळघाट परिसरात जमीन हादरली. तीव्रता ४.२. किल्लारीचा १९९३ चा भूकंपही ३० सप्टेंबरचाच, पण तो निव्वळ योगायोग.

खरा प्रश्न वेगळा आहे. धक्का एकच असला तरी खडकावरचं घर आणि मातीवरचं घर सारखंच हलतं का? नाही. का, ते कळायला गोट्या घ्या.

दहा-बारा गोट्या एकमेकींना टेकवून रांगेत लावा आणि एका टोकाला गोटी मारा. मधल्या जवळपास जागेवर राहतात, शेवटची मात्र सुटते. धक्का गोटीतून गोटीत गेला. पण किती वेगाने?

गोटी गोटीला टिंबाएवढ्या जागेतच टेकते. दाबलं की ती जागा पसरते आणि जोड ताठ होतो. म्हणून दुप्पट दाबायला दुप्पट नाही, सुमारे २.८ पट जोर लागतो. हे गणित हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८२ मध्ये मांडलं. हो, रेडिओच्या 'हर्ट्झ'वालेच!

पुढे १९८३ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ विताली नेस्टेरेंको यांनी दाखवलं की नुसत्या टेकलेल्या गोळ्यांच्या रांगेत आवाजाला ठरलेला वेगच नसतो. धक्का साधारण पाच गोळ्यांएवढं गाठोडं होऊन पुढे सरकतो आणि जोरात मारला तर जास्त वेगाने जातो. अर्थात वेग दुप्पट करायचा तर जोर ६४ पट हवा. सलग पोलादात ध्वनी सेकंदाला पाच हजार मीटरहून जास्त पळतो, पोलादी गोळ्यांच्या रांगेत धक्का काही शे मीटरच. तीच रांग दोन्हीकडून आवळली की वेग वाढतो. शिस्तीत रचलेल्या अशा गोळ्यांच्या जाळीला 'ग्रॅन्युलर क्रिस्टल' म्हणतात.

आपल्या पायाखालची जमीन इतकी शिस्तीची नसते. दाणे लहानमोठे, मधे पाणी, आणि चिकणमाती तर वेगळंच प्रकरण. तरी मुख्य गोष्ट लागू होते: माती जितकी सैल, लहर तितकी हळू.

अकोला, अमरावती आणि बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात गाळाचा जाड थर आहे, काही ठिकाणी शेकडो फूट. खडकातून वेगात आलेली लहर या थरात शिरली की मंदावते. मागून येणारी ऊर्जा तेवढीच असते, वेग मात्र कमी, त्यामुळे हेलकावा वाढतो. भूकंपाचं केंद्र दूर असूनही गाळावरचं घर जास्त हलू शकतं, ते यामुळे.

ही तपासणी करताही येते. अभियंते जमिनीवर ठेवलेल्या पट्टीवर मोठा हातोडा मारतात आणि ओळीने खोचलेल्या जिओफोनवर लहर कधी पोहोचली ते मोजतात. वेग कमी आला तर पायाचं डिझाइन बदलतात. घराच्या जोत्यात मुरूम थराथराने टाकून, पाणी मारून धुम्मस करतात, तेव्हा मिस्त्रीही दाण्यांची रांग आवळतच असतो. फक्त खालचा शेकडो फूट गाळ धुम्मसने आवळला जात नाही. तिथे पाया आणि बांधणीच भक्कम लागते.