चेंडूमागे धावणारा कुत्रा

अमेरिकेतील मिशिगन सरोवर समुद्रासारखे अफाट आहे. त्याच्या काठच्या हॉलंड या शहरात होप महाविद्यालय असून तेथे टिम पेनिंग्ज हे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांच्यापाशी एल्व्हिस नावाचा, आखूड पायांचा, वेल्श कॉर्गी जातीचा एक कुत्रा होता. पेनिंग्ज वाळूवर उभे राहून टेनिसचा चेंडू तिरपा पाण्यात भिरकावीत आणि एल्व्हिस तो आणून देई. खेळ साधाच, परंतु कुत्रा कोणत्या वाटेने जातो हे पाहून प्राध्यापकांचे कुतूहल जागे झाले.

एल्व्हिस सरळ रेषेत चेंडूकडे जात नसे. तसे केल्यास अंतर सर्वांत कमी पडते खरे, पण वाट बहुतेक पाण्यातून जाते आणि पाण्यात गती मंदावते. चेंडूच्या अगदी समोर येईपर्यंत काठाने धावून मग पाण्यात शिरावे, तर पोहणे कमी होते, पण एकूण वाट लांबते. एल्व्हिस या दोहोंमधला मार्ग घेई. काही अंतर तो वाळूवरून धावे व समोरचा बिंदू येण्याच्या थोडे आधीच पाण्यात उडी घेई. ही उडी नेमकी कोठे घेतली असता सर्वांत कमी वेळ लागेल, हा कलनशास्त्रातील एक परिचित प्रश्न आहे. विद्यार्थी तो कागद भरून सोडवितात.

पेनिंग्ज यांनी मोजमाप करावयाचे ठरविले. एल्व्हिसची धावण्याची गती सेकंदाला सुमारे ६.४ मीटर आणि पोहण्याची अवघी ०.९ मीटर भरली. चेंडू फेकताच प्राध्यापक कुत्र्यामागे धावत, तो जेथे पाण्यात शिरे तेथे वाळूत स्क्रूड्रायव्हर रोवीत आणि मोजण्याची फीत घेऊन स्वतःही पाण्यात उतरत. अशी ३५ मापे जमली. चेंडू काठापासून १० मीटरांवर असेल, तर समोरच्या बिंदूच्या सुमारे दीड मीटर अलीकडे उडी घ्यावी, असे गणिताचे उत्तर येते. एल्व्हिसच्या उड्या बहुतांशी अशा उत्तरांच्या आसपासच पडल्या होत्या. हा वृत्तांत २००३ साली प्रसिद्ध झाला. कुत्र्याला कलनशास्त्र येते, असे पेनिंग्ज यांनी अर्थातच म्हटले नाही.

पण हाती आलेले भक्ष्य दुसऱ्याच्या स्वाधीन करावे, हे कुत्र्याला सुचते कसे? ही माणसाचीच शिकवण, असे पुष्कळ दिवस मानले जाई. स्वीडनमधील स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांना निराळाच अनुभव आला. त्यांनी माणसाच्या सहवासात वाढविलेल्या लांडग्यांच्या १३ पिल्लांची परीक्षा घेतली. पिल्ले आठ आठवड्यांची होती. चेंडू फेकणारी व्यक्ती त्यांना सर्वस्वी अपरिचित होती. तरीही तीन पिल्लांनी चेंडू तिच्याकडे परत आणला. २०२० साली हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. तेरांत तीन ही संख्या लहान खरी. तथापि या खेळाचे बीज लांडग्यातही असावे, असे मानण्यास ती पुरेशी आहे. रानातील लांडगेही पिल्लांसाठी भक्ष्य वाहून आणतातच.

या बीजाला माणसाने खतपाणी घातले. स्कॉटलंडमधील गिसाकन येथे लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी १८६८ पासून गोल्डन रिट्रीव्हर ही जात निपजविली. बंदुकीने पाडलेला पक्षी, त्यावर दात न रुतविता, शिकाऱ्याच्या हाती आणून देणे हे तिचे काम. पाठलाग करावा, धरावे, पण फाडू नये, अशी ही निवड होती.

ही ओढ इतकी बळकट आहे की तिच्यापुढे कुत्र्याला स्वतःच्या देहाचे भान राहत नाही. माणसाप्रमाणे त्याच्या सर्वांगाला घाम सुटत नाही. धापा टाकूनच त्याला अंगातील उष्णता बाहेर घालवावी लागते. उन्हात खेळ लांबला तर तो कोसळतो, प्रसंगी दगावतोही. काही लॅब्राडोर कुत्र्यांत तर एक आनुवंशिक दोष असतो. पाच ते पंधरा मिनिटे जोराची धावपळ होताच त्यांचे मागले पाय लुळे पडतात. तशाही स्थितीत ती चेंडूकडे फरफटत जाऊ पाहतात. काठी फेकणेही बरे नव्हे, कारण तिचे टोक धावत्या कुत्र्याच्या घशात घुसू शकते. जाणते मालक सकाळच्या गारव्यात थोडा वेळ खेळतात आणि कुत्रा थकण्याआधीच चेंडू खिशात घालतात. कुत्रा मात्र बराच वेळ त्या खिशाकडेच पाहत उभा असतो.