वडशाचा तांदूळ आणि सुपरमार्केटची उधारी

वडसा (देसाईगंज) आणि वैनगंगेपलीकडील ब्रह्मपुरी, नागभीड हा सारा धानाचा मुलूख. इकडच्या राईस मिलमध्ये भरडला जाणारा एचएमटी तांदूळ आज मोठ्या शहरांतील सुपरमार्केटमध्ये पाच-दहा किलोच्या देखण्या पिशवीत मिळतो. हे वाण नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३ पासून लोंब्या निवडून तयार केले. त्या काळी एचएमटी घड्याळ लोकप्रिय होते, तेच नाव वाणाला मिळाले. दादाजी २०१८ साली वारले. पिशवीवर घड्याळाचे नाव राहिले.

मधले दलाल टाळून थेट लहान उत्पादकाकडून माल घ्यावा, असे मोठ्या दुकानांनाही वाटते. सरकारने सप्टेंबर २०१२ मध्ये अशा दुकानांत ५१ टक्के परकीय भांडवलाला परवानगी दिली, तेव्हा तयार व प्रक्रिया केलेल्या मालापैकी ३० टक्के खरेदी लघुउद्योगांकडून करण्याची अट घातली. पण ही अट परकीय भांडवल असलेल्या साखळीलाच आहे. देशी साखळीवर असे बंधन नाही. तेथे माल आणि भाव पाहूनच सौदा होतो.

कागदपत्रांची भीती बाळगण्याचे कारण नाही. अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी किंवा परवाना, पिशवीवर बांधणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष व कमाल किंमत, आणि ८९० ने सुरू होणारा बारकोड एवढे झाले की दुकानाचे दार उघडते. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या बंद पिशवीवर ५ टक्के जीएसटी लागतो, तोही भावात धरावा. (त्यानंतर २६ आणि ३० किलोचे कट्टे बाजारात का दिसू लागले, हे व्यापाऱ्याला सांगायला नको!)

खरा प्रश्न पैसे कधी मिळणार हा आहे. मोंढ्यातला व्यापारी भाव पाडून घेतो, पण बहुधा लवकर मोकळा करतो. साखळी दुकान बरा भाव देते आणि मुदत मागते. समजा, एक मिलवाला दर आठवड्याला १० क्विंटल तांदूळ ५५ रुपये किलोने पाठवतो. एका खेपेचे ५५ हजार झाले. मुदत ६० दिवसांची असेल, तर पहिला पैसा हाती येण्यापूर्वी नऊ खेपा गेलेल्या असतात, म्हणजे ४ लाख ९५ हजार रुपये अडकतात. धानवाला शेतकरी मात्र इतके दिवस थांबत नाही, आणि त्याने थांबावे तरी का?

यावर २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा उपयोगी पडतो. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाशी लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी करार नसेल तर ती १५ दिवसांची. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते. ज्यांना व्याज घ्यायचे नाही, त्यांनाही मुदतीचा हक्क आहेच. तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे करता येते. त्यासाठी करार करण्यापूर्वीच उद्यम नोंदणी करून ठेवावी. ती विनाशुल्क आहे.

येथे एक मेख आहे. जुलै २०२१ पासून किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. ४५ दिवसांचे संरक्षण त्यांना नाही. म्हणजे स्वतः धान भरडणारा मिलवाला या कायद्यात बसतो, आणि त्याच्याकडून तयार तांदूळ घेऊन पुढे विकणारा आपला बांधव बसत नाही. त्याने मुदत करारातच लिहून घेतली पाहिजे.

दुकानाच्या स्वतःच्या नावाने पिशव्या भरून देण्याचे काम आले तर घ्यावे, मिल चालू राहते. पण सगळा माल त्यात देऊ नये. गिऱ्हाईक त्या पिशवीला दुकानाच्या नावाने ओळखते, आणि उद्या दुकानाने दुसरी मिल धरली तरी त्याला पत्ता लागत नाही. काही माल स्वतःच्या छापाने जाऊ द्यावा.

करारातील परत मालाचे कलम सही करण्यापूर्वी नीट वाचावे. पावसाळ्यात तांदळाला सोंडे होतात. ते मिलमध्ये झाले की दुकानाच्या गोदामात, यावर पुढे वाद होतो. म्हणून माल उतरताना तपासणी, पोचपावतीवर तारीख आणि त्यानंतर किती दिवसांत माल परत करता येईल, या तिन्ही गोष्टी कागदावर आणून घ्याव्यात.